बॉबरी ऊर्फ बाप रे

इंग्रजी अमलात या देशातून कोणकोणत्या चीजवस्तू सातासमुद्रापार गेल्या, याची यादी करण्याचे काम आमच्या विद्वानांनी इतक्या निष्ठेने केले आहे, की हिरे, मूर्ती, तलवारी आणि पोथ्या यांपैकी कशाची नोंद राहून गेली असेल असे वाटत नाही. आणि २०२४ साली साताऱ्यास आलेली वाघनखेही तीन वर्षांच्या उसनवारीच्या करारावर आली असल्यामुळे, आपली म्हणून सांगितली जाणारी वस्तू सविनय उसनी आणण्याचा विधीदेखील आता आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु जिची नोंद कोणत्याही जामदारखान्याच्या वहीत नव्हती, जिच्यावर पहारा नव्हता, आणि जी आमच्यापाशी जशीच्या तशी राहून शिवाय तिकडेही पोहोचली, अशी एक चीज या यादीतून सुटली आहे. ती म्हणजे ‘बाप रे’ हा उद्गार.

विलायतेस गेल्यावर त्याचे नाव झाले बॉबरी. जुन्या इंग्रजी कोशांत हा शब्द नाम म्हणून दिलेला असून गलका, गोंधळ, कज्जा असे त्याचे अर्थ आहेत. ‘बॉबरी उठविणे’ म्हणजे आकांडतांडव करणे, असा वाक्प्रचारही एके काळी तिकडे प्रचारात होता. आज तो शब्द इंग्रजीत जवळजवळ गतप्राण झाला आहे, आणि लंडनमधील एखाद्या सुशिक्षित तरुणापुढे तो उच्चारला तर तो बहुधा मुरंब्याच्या बरणीवरचे नाव समजून, कोणत्या दुकानात मिळतो म्हणून विचारील. आपल्या पूर्वजांनी हिंदुस्थानातील बाजारात, फाशीच्या माळावर आणि शिकारीच्या रानात घाबरलेल्या माणसांच्या तोंडून तो उचलला होता, हे त्याला कोण सांगणार?

सांगण्याची सोय मात्र दोन इंग्रजांनीच करून ठेवली आहे. बंगालच्या फौजेतील इंजिनियर कर्नल हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी व संस्कृतचे व्यासंगी आर्थर बर्नेल, या दोघांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा एक अवाढव्य कोश रचला. बर्नेल १८८२ साली वारले, कोश १८८६ साली बाहेर पडला आणि विल्यम क्रुक यांनी वाढविलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ साली आली. कोशाचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे नाव ऐकून कोणास ही एखादी वकिलांची किंवा दारूविक्रेत्यांची जोडगोळी वाटेल; पण वस्तुतः मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटीत चाललेल्या लोकांच्या ‘या हसन! या हुसेन!’ या आक्रोशाला गोऱ्या शिपायांच्या कानांनी दिलेले ते रूप आहे. ज्या मराठवाड्यात गावोगावच्या सवाऱ्यांपुढे हिंदू आणि मुसलमान एकाच श्रद्धेने नारळ ठेवीत आले, तेथील माणसास हे नाव वाचून हसावे की हळहळावे, हे चटकन ठरविता येत नाही. करबलाच्या शोकाचे दोन गुबगुबीत साहेब बनविणे हे काम जाणूनबुजून करू म्हटले तरी साधणारे नाही.

या कोशातील गमती सांगू लागलो तर मूळ मुद्दा बाजूस राहील, तरी दोनतीन सांगितल्यावाचून राहवत नाही. सिराजउद्दौला तेथे ‘सर रॉजर डाउलर’ होऊन वावरतो, जणू लॉर्डांच्या सभेतच त्याची जागा होती. युवराजाचा ‘अपर रॉजर’ होतो, आणि हा रॉजर कोणाच्या अपर, म्हणजे वरचा, हे कोणास सांगता येत नाही. पण सर्वांवर कडी केली आहे ती आमच्या मोडशीने. पटकी अथवा पोटाचा जीवघेणा विकार या अर्थी कोकणपट्टीत चालणारा हा शब्द पोर्तुगीजांनी उचलून त्याचे ‘मोरदेशीं’ केले, आणि फ्रेंचांनी त्याला आपल्या भाषेत बसवून ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थही चिकटवून दिला. रोग कोकणचा, उच्चार पोर्तुगालचा आणि अर्थ फ्रान्सचा. रोगी मात्र अखेरपर्यंत आपणच.

तर अशा या दप्तरात ‘बॉबरी’ची रुजवात झालेली आहे, आणि तिचे मूळ ‘बाप रे बाप’ असल्याचा कबुलीजबाबही खुद्द यूलसाहेबाच्या सहीशिक्क्याने दाखल आहे. पुराव्यादाखल त्याने दिलेला एक प्रसंग विनोदी लेखात सांगण्याजोगा नाही, आणि तरीही तो सांगणे भाग आहे. वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा जाहीर आरोप करण्याचे धाडस करणाऱ्या महाराजा नंदकुमाराला बनावट दस्ताच्या गुन्ह्यावरून, सरन्यायाधीश इलायजा इंपे याच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेनुसार, ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात फाशी देण्यात आले. पुढे या प्रकरणाचा खल झाला तेव्हा एका इंग्रज कप्तानाने साक्ष दिली, की वधस्थानी आठ-दहा हजार लोक जमले होते, आणि महाराजांच्या पायाखालचा आधार निघाला त्या क्षणी तो सारा जमाव ‘बाप रे’ असे ओरडत एकाएकी पांगला व फासाजवळ शेरीफ, त्याची माणसे आणि मोजके गोरे प्रेक्षक यांच्याखेरीज कोणी उरले नाही. हजारो कंठांतून एकाच वेळी निघालेल्या त्या दोन शब्दांत भय होते, पाप पाहिल्याची शिसारी होती, आणि ब्राह्मणाला फासावर चढविणारे हे कोणते राज्य आले, हा प्रश्नही होता. कप्तानाने तो आवाज तेवढा टिपला. तिकडे कोशात गेल्यावर त्याचा अर्थ ठरला: गलका.

एकदा माणसाच्या तोंडून सुटल्यावर हा शब्द कोणाकोणाच्या गळ्यात पडावा याला धरबंध राहिला नाही. १८३० सालच्या एका फौजी अधिकाऱ्याच्या लिखाणात त्याचा अरबी घोडा ‘बॉबरी’ करतो. बँड वाजू लागला, घोडा बुजला, त्याचा पाय खड्ड्यात गेला आणि साहेब पडता पडता वाचला, एवढाच तो मजकूर. घोडा अरबस्तानचा, बँड विलायती, स्वार साहेब, आणि घाबरणे मात्र हिंदुस्थानी! आमच्या मते त्या प्रसंगी अस्सल ‘बाप रे’ जर कोणी म्हटले असेल, तर ते घोड्यामागे धावणाऱ्या मोतद्दाराने. पण त्याच्या नावावर शब्द लिहून देण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

त्याच वंशातली आणखी एक शाखा म्हणजे ‘बॉबरी पॅक’. विलायतेत कोल्ह्याच्या शिकारीसाठी एकाच कुळातील, वंशावळ पाठ असलेल्या श्वानांचा ताफा बाळगणे हे उमरावांचे लक्षण. हिंदुस्थानात आलेल्या पोरसवदा अधिकाऱ्यांना तेवढी ऐपत कोठली? तेव्हा त्यांनी छावणीच्या आसपास जी मिळतील ती, निरनिराळ्या जातींची आणि बहुतकरून जात नसलेली कुत्री गोळा करून कोल्ह्यांमागे पिटाळावीत, आणि त्या वरातीला म्हणावे बॉबरी पॅक. हा ताफा कोशात मृत झाला असला तरी आमच्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, तो अद्याप नोकरीवर आहे. रात्री अकराच्या सुमारास मिलकॉर्नरहून भडकल दरवाजाकडे दुचाकीवरून जाणाऱ्या गृहस्थाने १६१२ साली मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ मलिक अंबराने उभारलेल्या त्या कमानीची शोभा पाहावी, असे आम्ही म्हणतो खरे, पण तेवढ्यात डाव्या हाताच्या गल्लीतून एक तांबडे, एक काळे, एक कान तुटलेले आणि एक केवळ आवाज असलेले, अशी चार-पाच मंडळी निघतात, गृहस्थ दोन्ही पाय इंधनाच्या टाकीपर्यंत उचलून घेतो आणि त्याच्या मुखातून जो उद्गार निघतो, त्याने शब्दाचे मूळ व त्याची शाखा यांची एकाच ठिकाणी भेट होते. यूलसाहेब हयात असते तर तारीख-वारासह नोंद झाली असती.

आता प्रश्न मालकीचा. येथे बंगालची हरकत प्रथम विचारात घ्यावी लागेल, कारण कलकत्त्याचा पुरावा त्यांच्या बाजूस आहे. त्यामागोमाग हिंदीवाले उभे राहतील आणि इंग्रजी कोशही बहुधा त्यांच्याच नावाने सातबारा काढून देतील. परंतु हिंदी, बंगाली आणि मराठी या तिन्ही भाषांत हा उद्गार सारखाच चालत असल्यामुळे ही एकत्र कुटुंबाची मिळकत ठरते, आणि बाप सामाईक असताना त्याची वाटणी मागणे कोणत्याही दिवाणी न्यायालयात टिकावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की हिस्सेदारांच्या यादीत मराठवाड्याचे नाव असावे. इंग्रजी फौजांचा आणि आमचा संबंध काही आजकालचा नव्हे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रानात शिंदे-भोसल्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मारली अथवा जखमी केली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनाला हरविणारा हाच वेलस्ली आयुष्यभर असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे. त्या दिवशी उभय पक्षांकडून ‘बाप रे’चा किती पुरवठा झाला असेल, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. नंतर १८२४ साली मेडोज टेलर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा निजामाच्या फौजेत नेमणूक मिळवून याच औरंगाबादेत दाखल झाला, येथल्या भाषा शिकला, आणि १८३९ साली ठगाच्या जबानीची कादंबरी लिहून त्याने ‘ठग’ हा शब्द विलायतेत घरोघरी पोहोचविला. ठग जेथून गेला तेथून ठगाला पाहून निघणारा उद्गार गेला नसेल, असे मानणे तर्काला सोडून होईल.

आणि कागदोपत्री हक्क क्षणभर बाजूस ठेवला तरी वहिवाट आमचीच आहे. ज्याला खातरजमा करावयाची असेल त्याने छावणीच्या गुरुवारच्या बाजारात यावे. ज्या छावणीत टेलरच्या जातभाईंनी कवायती केल्या तेथेच आता जनावरांचा सौदा चालतो. एका बोकडापुढे एक वयस्क बाई उभी आहे; डोईवरचा पदर दातात, मागे दोन हात अंतरावर नवरा, आणि नवऱ्याच्या हातात रिकामी दोरी.

“काय सांगता याचे?”

“अठरा हजार, मावशी.”

“बाऽऽप!” बाईचा हात गालावर जातो, ‘रे’ अद्याप यायचा असतो. तो येतो तीन पावले पुढे गेल्यावर, पाठमोरा, जरा हळू, पण विकणाऱ्यास ऐकू जाईल इतका.

“अम्मा, रुको तो! जनावर देखो तो सही,” तो दखनीवर येतो, म्हणजे सौदा सुरू झाला. “सोळा द्या. बोहनीची वेळ आहे.”

“बापरे,” आता तुटक आणि कोरडे, ज्यात ना भय ना आश्चर्य, केवळ व्यवहार. नवरा अजून एक शब्द बोललेला नसतो. तो दोरीला गाठ मारू लागतो, कारण चाळीस वर्षांच्या संसारात या दोन उद्गारांच्या मधले अंतर पाहून भाव कोठे थांबणार हे त्याला कळत आलेले असते.

शालेय व्याकरणात या शब्दाची बोळवण ‘केवलप्रयोगी अव्यय, आश्चर्यदर्शक’ एवढ्या तीन शब्दांत केलेली असते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापल्यापासून आमचे वैयाकरण अशा उद्गारांना अव्ययांच्याच पायरीवर उभे करीत आले आहेत, हे ठाऊक असूनही, छावणीतील त्या बाईचा दुसरा ‘बापरे’ आश्चर्याच्या खात्यात कोणी जमा करावा, हे आम्हांला मान्य होणार नाही. सराफ्यात सोन्याचा भाव ऐकून निघतो तो विरक्तीचा असतो. व्याह्यांकडच्या पाहुण्यांची संख्या ऐकून निघतो तो हिशेबाचा. शेजाऱ्याच्या मुलाचे टक्के ऐकून निघतो तो वरकरणी कौतुकाचा, आणि त्यात ‘बा’ किती दीर्घ याच्या व्यस्त प्रमाणात कौतुक असते. नळाला पाणी यावयाचा दिवस आणखी एकाने पुढे गेल्याचे कळल्यावर निघतो तो तर उद्गारच नसतो, तो नुसता उच्छ्वास असतो.

येथे कोणी तरी आठवण करून देईलच, की ठेच लागली तर मराठी माणूस ‘आई गं’ म्हणतो आणि वाघ दिसला तर ‘बाप रे’, सबब लहान दुःखाला आई आणि मोठ्या संकटाला बाप. हा सिद्धांत निरोपसमारंभांतील भाषणांनी इतका गुळगुळीत केला आहे की त्याच्यावर बोट ठरत नाही. शिवाय तो पुण्याकडे खरा असेल तर असो; आमच्या मराठवाड्यात बायका सापाला पाहूनही ‘अगं माय माय’ म्हणतात आणि पाहुण्यांना पाहूनही, आणि त्यांचे काही अडत नाही. मात्र त्या सिद्धांतातून एक गोष्ट हाती लागते. इंग्रजीत आमचा बाप गेला, आई गेली नाही. साहेबाच्या आसपास वावरणाऱ्या माणसांना ठेचा लागत नसतील असे नव्हे. पण माणूस आपल्या वेदनेत कण्हतो ते आपल्या घरी, आणि साहेबाच्या समोर जो शब्द त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा निघतो तो साहेबाला पाहून निघालेला असतो. दीडशे वर्षे साहेब जेथे जाई तेथे लोक ‘बाप रे’ म्हणत. त्याने विचार केला, या देशात गलका फार.

अर्थात कान तर सर्वांचेच सारखे. पहारेकऱ्याने रात्री विचारलेले ‘हू कम्स देअर’ आमच्या शिपायांनी ‘हुकुमदार’ करून घेतले आणि त्या हुकुमापुढे कोणाचीही बिशाद नसे. लॉर्डाचा लाट केला, सेनापतीचा जंगी लाट केला, आणि तुरुंग हा शब्द तर पोर्तुगीजांच्या ‘ट्रोंकु’वरून असा घडविला, की आज आत जाणाऱ्यालाही तो परका वाटत नाही. थोरल्या शिवाजी महाराजांनी फारसीचे आक्रमण थोपविण्यासाठी राजव्यवहारकोशाचे काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपविले तेव्हा दफ्तर, किल्ला, फौज, कोठी अशा सर्व खात्यांतील शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. भीतीचे खाते त्या कोशात उघडलेले नाही, कारण त्या खात्यात परदेशी माल कधी आलाच नव्हता. आमच्या शहराचेच पाहा. १६१० साली मलिक अंबराने वसविले तेव्हा ते खडकी, मग त्याच्या मुलाच्या नावाने फतेहनगर, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, आणि २०२३ सालापासून छत्रपती संभाजीनगर. फर्माने निघाली, राजपत्रे निघाली, पाट्या रंगल्या आणि पुन्हा रंगल्या. या चारही अमलांत, नवा जाहीरनामा वाचून दाखविला जात असताना गर्दीतल्या मागच्या रांगेत जो शब्द उच्चारला गेला असेल, त्याचे नामांतर करण्याचा ठराव मात्र कोणत्याही सरकारने आणलेला नाही.

धोका आहे तो निराळ्या बाजूने. निराला बाजार आणि कॅनॉट परिसरातील कॉफीच्या दुकानांत सायंकाळी बसणारी तरुण मंडळी हल्ली ‘बाप रे’ म्हणत नाहीत. बिल आले तरी ‘ओ माय गॉड’ म्हणतात, आणि घाई असली तर त्यातली तीन अक्षरेच उच्चारतात. त्यांनी आमचा बाप नेला, आम्ही त्यांचा देव आणला. विनिमयाचा हा दर कोणत्या तहनाम्यात ठरला कोण जाणे. यात भाषाशुद्धीचा झेंडा नाचविण्याचे कारण नाही. तीच मुले रात्री भडकल दरवाजावरून दुचाकीने घरी परत जातात, आणि तेथे त्या चार-पाच मंडळींपुढे इंग्रजीतील देवाचे नाव घेण्याइतकी सवड कोणालाच मिळत नाही.

तेव्हा आमची मागणी वाघनखांपेक्षा पुष्कळ माफक आहे. शब्द परत नको. तो इकडे कमी पडलेला नाही, आणि त्यांच्याकडे तो निजून असेल तर निजू द्यावा. पण मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती जे कोणी सिद्ध करतील त्यांना विनंती, की ‘बाप रे’ या नोंदीखाली ‘यावरून इंग्रजी बॉबरी: गलका, कज्जा’ एवढी एक ओळ छापावी, आणि ज्या वाचकाच्या घरी हॉब्सन-जॉब्सनची जुनी प्रत असेल त्याने ती उघडून ‘बोबाची’ म्हणजे बावर्ची, आणि ‘बोबाची-कोना’ म्हणजे बावर्चीखाना, या दोन नोंदी ओलांडून खाली उतरावे. आमचा बाप तेथेच, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे.